नोटिशीचे नव्वद दिवस : इतवारी, सिव्हिल लाइन्स आणि मोफत कायदेशीर सल्ल्याची शंभर वर्षे

१/ नागपूरच्या इतवारीत एखाद्या जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर छोटे दुकान चालवणाऱ्या भाडेकरूची कल्पना करावी. काही महिन्यांचे भाडे थकले आहे आणि एके दिवशी टपालाने घरमालकाची नोटीस येते. भाषा इंग्रजी, मजकूर दोन पानांचा. वकिलाकडे जावे तर फी द्यायला पैसे नाहीत. मग ती नोटीस घडी करून गल्ल्याखाली ठेवली जाते.

२/ त्या भाडेकरूला एक गोष्ट माहीत नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १५ नुसार अशी नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस घरमालकाला थकबाकीसाठी दावाच लावता येत नाही. दावा लागला, तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरल्यास केवळ थकबाकीपोटी त्याला बाहेर काढता येत नाही.

३/ हे कोणी वेळेवर सांगितले तर दुकान राहते. दिवस उलटल्यावर सांगितले तर त्याच माहितीचा फारसा उपयोग उरत नाही. खटला लढवणे वेगळे आणि खटल्याआधी सल्ला मिळणे वेगळे. गरिबाला वकील मिळावा, यासाठी झालेल्या प्रयत्नांचा इतिहास बराच लिहिला गेला. सल्ल्याचा इतिहास मात्र त्याच्या सावलीत राहिला. हा धागा त्या सल्ल्याचा.

४/ प्रथम भूगोल. इतवार म्हणजे रविवार. रविवारच्या आठवडी बाजारावरून वस्तीला हे नाव पडले. बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी, शनिवारी या नागपूरच्या वस्त्यांचीही हीच कुळकथा. सराफा बाजार, मस्कासाथ, किराणा ओळ, तीननल चौक, आसपास विणकरांचे मोहल्ले : भोसलेकालीन शहराचा व्यापार इथे एकवटला होता. व्यापार आला की उधारी आली, वहीखाते आले आणि तंटेही आले.

५/ १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाले. साहेबांचे बंगले, कचेऱ्या आणि न्यायालये सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे, पश्चिमेला सिव्हिल लाइन्समध्ये वसली. तंटे पूर्वेला आणि न्याय पश्चिमेला, अशी शहराची विभागणी झाली. मैल मोजले तर अंतर फार नव्हते. भाषा, फी आणि भीती धरली तर ते पुष्कळ होते.

६/ त्या काळी गरिबासाठी कायद्यात काहीच नव्हते असे नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ३३ नुसार ‘निर्धन’ व्यक्तीला न्यायालयीन शुल्क न भरता दावा लावता येई. निर्धन कोण? ज्याला ठरलेले शुल्क भरण्याइतकी ऐपत नाही तो. आणि जिथे शुल्क ठरलेलेच नाही तिथे अंगावरचे आवश्यक कपडे व दाव्याचा विषय वगळता ज्याच्याकडे १०० रुपयांचीही मालमत्ता नाही तो.

७/ या सवलतीत एक उणीव होती. शुल्क माफ होई, पण वकील मिळत नसे. निर्धन पक्षकाराला न्यायालयाने वकील नेमून द्यावा, अशी तरतूद आदेश ३३ मध्ये थेट १९७६ च्या दुरुस्तीने आली. तोवर जवळजवळ सात दशके न्यायालयाचा दरवाजा फुकट उघडत असे. आत गेल्यावर काय बोलावे, हे सांगणारा मात्र विकतच घ्यावा लागे.

८/ ही पोकळी दलालांनी भरली. कचेरीच्या आवारात भांबावलेला पक्षकार हेरायचा, त्याला ठरलेल्या वकिलाकडे न्यायचे आणि मध्ये आपले कमिशन काढायचे, हा धंदा इतका फोफावला की १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्टमध्ये पुढे अशा ‘टाउटां’च्या नावांची यादी करून ती न्यायालयात टांगून ठेवण्याची तरतूद करावी लागली. यादी टांगल्याने धंदा संपला नाही, कारण सल्ल्याची गरज खरी होती.

९/ डिसेंबर १९२०. नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष सी. विजयराघवाचारियार, स्वागताध्यक्ष जमनालाल बजाज, प्रतिनिधी चौदा हजारांहून अधिक. असहकाराच्या ठरावावर तिथे शिक्कामोर्तब झाले. त्यातील एक कलम वकिलांसाठी होते : सरकारी न्यायालयांतील वकिली क्रमाक्रमाने सोडावी आणि लोकांचे तंटे सोडवण्यासाठी खासगी लवाद न्यायालये उभारावीत.

१०/ चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी भरभराटीची वकिली सोडली. लहान गावांतल्या वकिलांपुढे पोटाचा प्रश्न होता. वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी बजाज यांनी एक लाख रुपये दिले. हिंदुस्थानातील वकीलवर्गापुढे एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच हा प्रश्न उभा राहिला : आपले ज्ञान फीपुरते आहे, की समाजाचे त्यावर काही देणे लागते?

११/ फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरानंतर आंदोलन स्थगित झाले. बहुतेक लवाद न्यायालये विरून गेली आणि अनेक वकील कचेरीत परतले. लवादाच्या निर्णयामागे सरकारी अंमलबजावणीचे बळ नव्हते; हरलेल्याने निर्णय झुगारला तर उपाय नव्हता. न्यायालयावर बहिष्कार टाकून गरिबाचा प्रश्न सुटत नाही. त्याला न्यायालयापर्यंत समजून-उमजून पोचता आले पाहिजे, हा त्या प्रयोगाचा धडा.

१२/ पुढच्याच वर्षी नागपूरच्या विभागणीची सीमारेषा साऱ्या देशाने पाहिली. १ मे १९२३ पासून झेंडा सत्याग्रह सुरू झाला. शहरातून तिरंगा घेऊन निघालेले स्वयंसेवक सिव्हिल लाइन्सकडे वळले की अटक होई. शहरात झेंडा चालत असे, साहेबांच्या वस्तीच्या वेशीवर तो गुन्हा ठरे. बजाजही तुरुंगात गेले. १८ ऑगस्ट १९२३ रोजी लढा संपला. कोणता हुकूम कुठवर लागू आहे, हे सामान्य माणसाने तेव्हा रस्त्यावर अनुभवले.

१३/ १९२४ मध्ये मुंबईत बॉम्बे लीगल एड सोसायटी स्थापन झाली. गरिबांना विनामूल्य कायदेशीर मदत देणाऱ्या देशातील आरंभीच्या संघटित संस्थांत तिची गणना होते. १९२० च्या ठरावात वकिलाने न्यायालय सोडावे अशी अपेक्षा होती. या संस्थेची भूमिका निराळी : वकिलाने न्यायालयातच राहावे आणि आपल्या वेळेचा काही भाग फी न घेता द्यावा. आजची ‘स्वयंसेवी वकिली’ ही कल्पना याच वाटेने आली.

१४/ याच सुमारास, १९२३ मध्ये, बॅरिस्टर भीमराव आंबेडकर यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. परळच्या दामोदर हॉलमधील त्यांच्या कचेरीत कामगार आणि अस्पृश्य समाजातील माणसे आपली गाऱ्हाणी घेऊन येत. महाडच्या चवदार तळ्याचा दिवाणी दावा १९२७ च्या डिसेंबरात सुरू झाला आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयात आंबेडकरांच्या बाजूने संपला. सार्वजनिक पाण्याचा हक्क कागदावर सिद्ध होण्यास नऊ वर्षांहून अधिक काळ चिकाटी लागली.

१५/ मध्य प्रांतात वेगळाच प्रयोग झाला. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले आणि सावकारी कर्जाखाली शेतकरी दबला. तेव्हा १९३३ मध्ये प्रांताने डेट कन्सिलिएशन ॲक्ट केला. ऋणको आणि धनको यांना समोरासमोर बसवून मंडळाने तडजोड घडवावी, अशी योजना. लांबणाऱ्या दाव्याआधी समजुतीची एक पायरी असावी, ही कल्पना पुढे लोकन्यायालयांत पुन्हा दिसते.

१६/ १९३६ मध्ये नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय मिळाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. न्यायालय शहरात राहिले, तरी त्याची वास्तू सिव्हिल लाइन्समध्येच होती आणि तिथली भाषा इंग्रजीच होती.

१७/ आता १९४९ कडे पाहावे. त्या एका वर्षात या कथेतील तीन धागे एकत्र येतात. ब्रिटनमध्ये लीगल एड अँड ॲडव्हाइस ॲक्ट मंजूर झाला. कायद्याच्या नावातच साहाय्याच्या जोडीला ‘सल्ला’ होता. मुंबई प्रांताने न्या. नटवरलाल ह. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तालुक्यापासून राज्यापर्यंत विधी साहाय्याची उतरंड उभारावी, असे तिने सुचवले. पैशाअभावी ती योजना कागदावरच राहिली.

१८/ दुसरा धागा राज्यघटनेचा. १५ सप्टेंबर १९४९ रोजी आंबेडकरांनी संविधान सभेत अटकेसंबंधीचा अनुच्छेद मांडला. तोच आजचा अनुच्छेद २२. अटक झालेल्या व्यक्तीस आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क त्यात आहे. हक्क मिळाला, त्या वकिलाची फी कोण देणार, याचे उत्तर त्या अनुच्छेदात नव्हते.

१९/ तिसरा धागा थेट इतवारीच्या वाड्यांपर्यंत येतो. १९४९ मध्येच सी. पी. अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर निघाली. तिच्या कलम १३ नुसार नागपुरातील घरमालकाला भाडेपट्टा संपवण्याची नोटीस देण्याआधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी घ्यावी लागे. परवानगी, मग नोटीस, मग दिवाणी दावा असा क्रम. भाडेकरूची खरी लढाई दाव्याआधी, कंट्रोलरपुढेच असे.

२०/ मुंबई-पुण्यात १९४७ चा वेगळा कायदा होता, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा. एकाच महाराष्ट्रात भाडेकरूसाठी तीन व्यवस्था! पुण्यातल्या नातेवाइकाने सांगितलेला नियम इतवारीत गैरलागू ठरे. ३१ मार्च २००० पासून नवा एकत्रित कायदा लागू झाला आणि कंट्रोलरच्या परवानगीची पायरी गेली. अर्धशतक कानावर पडलेला नियम एका दिवसात जुना झाला. फुकट सल्ला देणाऱ्याने तारीख आणि गाव आधी विचारावे, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

२१/ देशपातळीवरचा प्रवास संथ होता. १९५८ मध्ये विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात गरिबांसाठीच्या विधी साहाय्यावर भर दिला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सत्र न्यायालयातील गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील दिला. त्याच वर्षी न्या. कृष्ण अय्यर समितीचा अहवाल आला. ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ घातला आणि तो जानेवारी १९७७ मध्ये अमलात आला : मोफत विधी साहाय्य पुरवणे हे राज्याचे कर्तव्य.

२२/ या टप्प्यावर एक नाव पुन्हा भेटते. गुजरातच्या विधी साहाय्य समितीचे अध्यक्ष आणि पुढे राष्ट्रीय पातळीवर या चळवळीचे आधारस्तंभ ठरलेले न्या. प्र. न. भगवती हे १९४९ च्या मुंबई समितीचे अध्यक्ष नटवरलाल भगवती यांचे पुत्र. पित्याची योजना दप्तरात पडून राहिली होती. पुत्राच्या पिढीत ती कायदा होऊ लागली.

२३/ १९७८ : हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. बनावट पदव्यांच्या प्रकरणातील एक कैदी वर्षांनुवर्षांच्या विलंबाने सर्वोच्च न्यायालयात आला. निकालाची प्रत वेळेवर आपल्या हाती पडलीच नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याला शिक्षेत सूट मिळाली नाही. पण कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि तत्परतेने मिळाली पाहिजे, अपिलासाठी गरज असल्यास वकील मिळाला पाहिजे, हे न्यायालयाने ठामपणे सांगितले.

२४/ १९८३ : शीला बारसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातील स्त्रियांना भेटून न्यायालयास पत्र लिहिले. त्या पत्राचीच याचिका झाली. आदेशांपैकी एक विलक्षण साधा होता : अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक पोलीस कोठडीत लावावेत आणि त्याला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवावेत. एकेकाळी न्यायालयात दलालांची यादी टांगली जाई. आता कोठडीत हक्कांची यादी लागणार होती.

२५/ १९८६ : सुक दास खटला. आरोपीने वकील मागितलाच नव्हता, म्हणून तो दिला गेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. ज्याला आपला हक्कच ठाऊक नाही तो मागणार कसा, हा त्या निकालाचा गाभा. माहिती देणे ही कृपा राहिली नाही, ती न्याय्य खटल्याची अट झाली.

२६/ १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला. म्हणून ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन. त्यातील ‘विधी सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत खटला चालवण्याच्या जोडीला कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणेही स्पष्टपणे समाविष्ट आहे. कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता ही सेवा मिळते. इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादेत.

२७/ म्हणजे इतवारीतील ते दुकान एखादी स्त्री चालवत असेल, तर तिला मोफत वकील आणि मोफत सल्ला मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण नागपुरात आहे, उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी स्वतंत्र उपसमिती आहे. अडचण एकच : या दोन्ही ठिकाणी जाण्यासाठी दुकान बंद ठेवून सिव्हिल लाइन्सला जावे लागते, आणि जावे हे आधी ठाऊक असावे लागते.

२८/ हे अंतर तंत्रज्ञानाने तोडण्याचा संघटित प्रयत्न एप्रिल २०१७ मध्ये सुरू झाला. ‘टेली-लॉ’मध्ये गावातील सेवा केंद्रात बसून दूरच्या वकिलाशी बोलता येऊ लागले. त्याच सुमारास ‘न्याय बंधू’ योजना आली. विनामूल्य काम करू इच्छिणाऱ्या वकिलांनी नोंदणी करावी आणि गरजूंशी त्यांची गाठ घालून द्यावी, हे तिचे स्वरूप. २०१९ मध्ये टेली-लॉ आकांक्षित जिल्ह्यांत पोचले. विदर्भातील गडचिरोली आणि वाशीम हे जिल्हे त्या यादीतले.

२९/ २०२० च्या टाळेबंदीत न्यायालयेच पडद्यावर आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये टेली-लॉचे नागरिकांसाठीचे मोबाइल ॲप निघाले. आरंभी कलम १२ मध्ये न बसणाऱ्यांना ३० रुपये द्यावे लागत. २०२२ मध्ये ही सेवा सर्वांसाठी मोफत झाली. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांकही आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्या सल्ल्यासाठी दलालाचा हात धरावा लागे, तो आता दुकानाच्या गल्ल्यावर बसून विचारता येतो.

३०/ वकिलाच्या बाजूनेही नियम आहेत. बार कौन्सिलच्या नियमावलीतील नियम ४६ सांगतो की, आपल्या ऐपतीच्या मर्यादेत निर्धन आणि पीडितांना मोफत मदत करणे हे वकिलाचे समाजाप्रती असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे. नियम ३६ मात्र जाहिरात करण्यास व काम मागण्यास मनाई करतो. २००८ पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण अशी ठरावीक माहिती देण्यापुरती मुभा आहे. ऑनलाइन सल्ला देणाऱ्या स्वयंसेवी वकिलाला या दोन नियमांच्या मधून वाट काढावी लागते : मदत जरूर, पण गिऱ्हाईक जमवण्यासाठी नव्हे.

३१/ पक्षकारालाही काही जपावे लागते. वकिलाला खासगीत सांगितलेले गुपित कायद्याने सुरक्षित असते. आधी १८७२ च्या पुरावा कायद्याने, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने. चारचौघांत, सर्वांना दिसेल अशा रीतीने विचारलेला प्रश्न मात्र प्रतिपक्षही वाचू शकतो. शिवाय कागद न पाहता दिलेला सल्ला म्हणजे नाडी न पाहता दिलेले औषध. नोटिशीची तारीख, भाडेपावती, करारनामा हे वकिलाच्या नजरेखालून गेलेच पाहिजेत.

३२/ आणि सल्ला म्हणजे वकीलपत्र नव्हे. पडद्यावरचा वकील ९० दिवसांची मुदत सांगेल. त्या मुदतीत पैसे उभे करणे, ते पावती घेऊन भरणे, तारखेला हजर राहणे आणि गरज पडल्यास प्राधिकरणाकडे अर्ज करून न्यायालयात उभा राहणारा वकील मिळवणे, ही कामे उरतातच. १९२० च्या लवाद न्यायालयांची जी उणीव होती, ती इथेही लक्षात ठेवावी लागते : ज्या शब्दामागे अंमलबजावणी नाही, तो शब्द एकटा पुरत नाही.

३३/ तरीही त्या शब्दाचे मोल कमी नाही. शुल्कमाफी, घटनेतला हक्क, सरकारी वकील, अधिनियम असे सारे टप्पे गाठून झाल्यावरही गल्ल्याखाली घडी करून ठेवलेल्या नोटिशीपर्यंत कोणीतरी पोचावे लागते. रात्री दुकान मिटल्यावर इतवारीतल्या कोणी ती नोटीस बाहेर काढली आणि फोनवर एखाद्या अनोळखी वकिलाने विचारले, ‘नोटीस कोणत्या तारखेला हाती पडली?’, तर तिथून पुढचे दिवस मोजता येतात.